हाडातली कूर्चेची गाठ: आधी वय आणि जागा, मग बायोप्सी

‘एकदा बायोप्सी होऊ दे, मग काय ते कळेल,’ असं घरचे म्हणतात, आणि बऱ्याच आजारांत ते खरंही असतं. हाडातल्या कूर्चेच्या, म्हणजे कार्टिलेजच्या, गाठींच्या बाबतीत मात्र हा भरवसा अर्धाच खरा ठरतो. इथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही चकवा देतात आणि गुंता सुटतो तो साध्या एक्स-रेवर. त्याच्याही आधी दोन प्रश्न विचारावे लागतात: रुग्णाचं वय किती आणि गाठ हाडाच्या नेमक्या कुठल्या भागात आहे? मुलं आणि तरुण यांच्यात या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्धंअधिक निदान झालेलं असतं.

असं का, हे कळायला हाड वाढतं कसं ते थोडं पाहावं लागेल. आईच्या पोटात आपल्या हातापायांच्या हाडांचा पहिला आराखडा कूर्चेचाच असतो. पुढे त्याचं हाड होत जातं, पण टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर बरीच वर्षं शिल्लक राहतो. ती वाढपट्टी. तिच्यातल्या पेशी एकावर एक रांगेत रचलेल्या असतात. त्या वाढतात, फुगतात आणि शेवटी त्यांची जागा हाड घेतं. उंची वाढते ती या पट्टीमुळे. गुडघ्याजवळच्या वाढपट्ट्या मुलींमध्ये साधारण १४-१५व्या आणि मुलांमध्ये १६-१७व्या वर्षी मिटतात. तोवर हाडाचे तीन वेगळे प्रदेश असतात: सांध्याला लागून असलेलं टोक, वाढपट्टीच्या खालचा रुंद भाग आणि मधला लांब दांडा. कूर्चेच्या बहुतेक गाठींनी यांतला आपापला प्रदेश ठरवून घेतलेला आहे. एक्स-रे पाहताना तज्ज्ञ आधी गाठ पाहत नाहीत, वाढपट्टी शोधतात. ती उघडी आहे की मिटलेली, आणि गाठ तिच्या कुठल्या बाजूला आहे, हे ठरलं की यादी एकदम लहान होते.

सगळ्यात जास्त आढळते ती ऑस्टिओकॉन्ड्रोमा. हाडाच्या निरुपद्रवी गाठींमध्ये हिचा क्रमांक पहिला. वाढपट्टीचा एक तुकडा कडेने बाहेर सटकतो आणि आपल्या परीने वाढत राहतो, म्हणून हाडाला बाजूने उंचवटा येतो आणि त्याच्या डोक्यावर कूर्चेची टोपी असते. गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडाला, गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाला किंवा खांद्याजवळ दंडाच्या हाडाला. मुलाला बहुधा काही दुखत नसतं. अंघोळीच्या वेळी किंवा खेळताना हाताला काहीतरी टणक लागतं, दाबलं तर हलत नाही, आणि घरभर धास्ती पसरते.

हिचं निदान एक्स-रेवर कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. हाडाची बाहेरची पांढरी कडा बोटाने गिरवत खाली यायचं. उंचवट्यापाशी पोचल्यावर ती कडा तुटत नाही; वळून सरळ उंचवट्यावर चढते आणि त्याची बाहेरची भिंत होते. आतला मगजाचा भागही तसाच सलग उंचवट्यात शिरतो. झाडाला फांदी फुटते तेव्हा खोडाची साल फांदीवर आणि आतला गाभा फांदीत जातो, तसं. साल आणि गाभा दोन्ही सलग दिसले की निदान पक्कं, बायोप्सीची गरज नाही. उंचवट्याला देठ असेल तर तो बहुतेक वेळा जवळच्या सांध्यापासून दूर तोंड करून असतो. (मेटाकॉन्ड्रोमाटोसिस नावाच्या एका विरळ आनुवंशिक आजारात असेच उंचवटे सांध्याकडे तोंड करतात, आणि त्यांतले काही आपोआप विरूनही जातात. पण हा अपवाद सहसा परीक्षेतच भेटतो.) एक्स-रेवर गोंधळ होतो तो बसक्या, रुंद बुडाच्या उंचवट्यात, किंवा कंबरेचं हाड, खांद्याचं पातं अशा वाकड्यातिकड्या आकाराच्या जागी. तिथे सीटी स्कॅन सलगता दाखवून देतो.

एमआरआय मग कशासाठी? कूर्चेत पाणी भरपूर असतं, म्हणून एमआरआयच्या टी-२ नावाच्या, पाणी उजळ दाखवणाऱ्या चित्रांत टोपी चकचकीत पांढरी दिसते आणि तिची जाडी मोजता येते. प्रौढांमध्ये ही टोपी २ सेंटीमीटरहून जाड असली तर गाठ बिघडत असल्याची, म्हणजे तिचा कॅन्सर होत असल्याची, शंका घ्यावी लागते. वाढत्या मुलात मात्र हा आकडा लावू नये. मुलाची टोपी जाड असणारच, कारण ती वाढपट्टीचंच काम करते आहे. रिपोर्टमध्ये ‘टोपी जाड’ एवढंच वाचून रात्रीची झोप उडवून घेणारे पालक पुष्कळ असतात; रिपोर्टवर मुलाचं वय लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं.

ऑस्टिओकॉन्ड्रोमा दुखत नाही, पण शेजाऱ्यांना त्रास देऊ शकते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असली तर पायाच्या नसेवर दाब येऊन पाऊल उचलायला जड जातं. गुडघ्याच्या मागे असली तर रक्तवाहिनीवर घासते. तिच्यावर स्नायू सरकताना पाण्याची पिशवी तयार होते आणि तीच दुखू लागते. एखाद्या पोराचा देठ खेळताना मोडतो, तेव्हा अचानक कळ येते. या सगळ्या कारणांचा गाठ बिघडण्याशी संबंध नाही, पण दुखणं सुरू झालं की कारण शोधायलाच हवं.

एन्कॉन्ड्रोमाचा स्वभाव अगदी वेगळा. ही हाडाच्या आत, मगजात वाढते. हाताच्या बोटांची लहान हाडं हे तिचं आवडतं ठिकाण. तिथे ती गुपचूप हाड आतून पोखरते, भिंत पातळ करते, आणि एखाद्या दिवशी चेंडू लागतो किंवा दार बोटावर आपटतं आणि हाड मोडतं. एवढ्याशा माराने हाड कसं मोडलं म्हणून एक्स-रे काढला तर आत एक काळपट, गोलसर पोकळी दिसते. तिच्यात कधी पांढरे ठिपके, अर्धवट कडी किंवा कमानी दिसतात. कूर्चेच्या छोट्या छोट्या गोळ्यांच्या कडेने कॅल्शियम साठल्याच्या त्या खुणा. मुलांमध्ये हे कॅल्शियम अजून जमलेलं नसतं, त्यामुळे ठिपके नसले तरी एन्कॉन्ड्रोमा नाही असं म्हणता येत नाही.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण बायोप्सीवरचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. बोटाच्या हाडातली एन्कॉन्ड्रोमा सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा भडक दिसते: पेशींची दाटी, मोठी केंद्रकं, एकेका पेशीत दोन दोन केंद्रकं. हेच चित्र मांडीच्या किंवा कंबरेच्या हाडातून आलं असतं तर पॅथॉलॉजिस्टने कूर्चेच्या कॅन्सरचा, म्हणजे कॉन्ड्रोसार्कोमाचा, विचार केला असता. बोटात मात्र हे नेहमीचं मानलं जातं, कारण बोटांच्या हाडांत कॉन्ड्रोसार्कोमा फार विरळा. एक्स-रेवरही तसंच. बोटाचं हाड आतून फुगलेलं, भिंत कोरलेली, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मांडीच्या हाडात गाठीने भिंतीची दोन तृतीयांशाहून जास्त जाडी आतून कोरली असेल तर तज्ज्ञ सावध होतात. काचपट्टीवर पेशी त्याच. हाड बदललं की निकाल बदलतो. म्हणून जो नमुना रुग्णाचं वय, हाडाचं नाव आणि एक्स-रे यांच्याशिवाय प्रयोगशाळेत येतो, तो परत पाठवून माहिती मागणारा पॅथॉलॉजिस्ट चिकित्सक असतो, आडमुठा नव्हे.

तिसरी गाठ कॉन्ड्रोब्लास्टोमा, आणि निदानाच्या दृष्टीने मला ती सर्वांत रंजक वाटते. हाडांच्या सगळ्या गाठींत ती शंभरात एखादीच, पण वय आणि जागा इतकी ठरलेली की ओळखता यावी. बहुतेक रुग्ण १० ते २५ या वयोगटातले, मुलींपेक्षा मुलगे जास्त. जागा सांध्याला लागून असलेलं हाडाचं टोक: गुडघ्याच्या वर-खाली, खांद्यापाशी, खुब्याजवळ, कधी घोट्याच्या किंवा टाचेच्या हाडात, गुडघ्याच्या वाटीतही. ही गाठ दुखते. आणि सांध्याजवळ असल्याने दुखणं सांध्याचं वाटतं. महिनोन् महिने ‘लचकलं असेल’, ‘वाढीचं दुखणं असेल’ म्हणून लेप आणि गोळ्या चालतात. गुडघ्यात पाणी होतं, मुलगा लंगडतो, मांडी बारीक होत जाते, तेव्हा कुठे एक्स-रे निघतो.

वाढीच्या दुखण्याबद्दल इथे थोडं सांगून टाकतो. ते साधारणपणे दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं. सकाळी मूल धावत सुटतं आणि तपासणीत काही सापडत नाही. एकाच जागी बोट ठेवून ‘इथेच दुखतं’ म्हणणारं, एकाच बाजूचं, दिवसाही टिकणारं आणि आठवड्यागणिक वाढणारं दुखणं वाढीच्या खात्यात टाकू नये. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबाही तपासावा, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. खुब्याजवळची कॉन्ड्रोब्लास्टोमा गुडघ्याच्या निर्दोष एक्स-रेमागे लपून राहू शकते.

एक्स-रेवर कॉन्ड्रोब्लास्टोमा म्हणजे हाडाच्या टोकात गोल किंवा लंबगोल काळपट डाग आणि त्याला बारीक पांढरी कड. कधी आत कॅल्शियमचे ठिपके. वाढपट्टी ओलांडून ती पलीकडेही जाते. एमआरआय मात्र इथे चांगलाच घाबरवतो. गाठ असते दोन-तीन सेंटीमीटरची, पण तिच्याभोवतीच्या हाडात आणि मांसात सूज इतकी पसरलेली दिसते की जंतुसंसर्ग किंवा कॅन्सर वाटावा. ती सूज ही या गाठीची खोड आहे. एमआरआय आधी पाहून मग एक्स-रेकडे वळणाऱ्याची दिशा हमखास चुकते. क्रम उलटा ठेवला, आधी साधा एक्स-रे आणि मग एमआरआय, तर तीच सूज निदानाला दुजोरा देते.

हाडाच्या टोकातली प्रत्येक पोकळी कॉन्ड्रोब्लास्टोमा नसते, हेही खरं. टीबीसारखा जंतुसंसर्ग तिथे असाच डाग पाडू शकतो, त्यामुळे रक्तातल्या दाहाच्या तपासण्या आणि नमुन्याचं कल्चर (त्यात जंतू वाढतात का ते पाहणं) ही कामं वगळू नयेत. दुसरी चकवणारी गाठ जायंट सेल ट्यूमर. तीही हाडाच्या टोकापर्यंत जाते, पण सहसा वाढपट्टी मिटल्यानंतरच्या वयात. सूक्ष्मदर्शकाखाली दोघींतही अनेक केंद्रकांच्या मोठमोठ्या पेशी दिसतात आणि गल्लत तिथेच होते. कॉन्ड्रोब्लास्टोमात या मोठ्या पेशींच्या मधून गोलसर पेशींचे थर असतात. त्यांच्या केंद्रकावर मधोमध एक खाच दिसते. नशीब असेल तर पेशीपेशीभोवती कॅल्शियमच्या बारीक जांभळ्या रेघांची जाळी सापडते. पण ती जाळी प्रत्येक नमुन्यात नसते, आणि खरवडून काढलेल्या तुकड्यांत कूर्चा अगदी थोडी असू शकते.

या जागी गेल्या काही वर्षांत जनुकांनी मोठं काम सोपं केलं. २०१३ साली असं आढळलं की जवळजवळ सगळ्या, शंभरात सुमारे ९५, कॉन्ड्रोब्लास्टोमांमध्ये डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोन ३.३ या प्रथिनात एकच ठरावीक बदल असतो, ‘के३६एम’ नावाचा. जायंट सेल ट्यूमरमध्येही याच प्रथिनात बदल असतो, पण वेगळ्या जागी. आता हे दोन्ही बदल ओळखणारे रंग मिळतात. काचपट्टीवर रंग लावला, केंद्रकं तपकिरी झाली, की वाद मिटला. यात एक मेख आहे. हाडाचा नमुना कापता यावा म्हणून तो आम्लात ठेवून मऊ करतात, आणि कडक आम्ल डीएनएची नासाडी करतं. म्हणून मऊ तुकडे आधीच वेगळे काढावेत किंवा आम्लाऐवजी सौम्य ईडीटीएचं द्रावण वापरावं, नाहीतर नमुना असूनही जनुकांची तपासणी करता येत नाही.

उरलेल्या दोन गाठींचं थोडक्यात. पेरिऑस्टिअल कॉन्ड्रोमा हाडाच्या पृष्ठभागावर, आवरणाखाली बसते आणि हाडाला बाहेरून उथळ खळगा पाडते. बहुधा ३ सेंटीमीटरच्या आतच असते. कॉन्ड्रोमिक्सॉइड फायब्रोमा सगळ्यांत दुर्मिळ. नडगीच्या वरच्या भागात, वाढपट्टीच्या खाली, एका कडेला. ही बायोप्सीशिवाय खात्रीने सांगता येत नाही, आणि बायोप्सीतही तिला कॉन्ड्रोसार्कोमा समजण्याची चूक होऊ शकते.

आता खरा धोका. मुलांमध्ये कॉन्ड्रोसार्कोमा फारच क्वचित होतो. पण ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर नेमका याच वयात, नेमका गुडघ्याभोवती होतो, आणि त्याच्या एका प्रकारात गाठीचा बराचसा भाग कूर्चेचा असतो. सुई त्या भागात गेली तर नमुन्यात फक्त कूर्चा येते. रिपोर्ट ‘कूर्चेची गाठ’ असा निघू शकतो आणि तो अक्षरशः खोटाही नसतो. वाचवतो तो एक्स-रे. हाडाची भिंत फुटलेली, आवरण उचललं जाऊन त्याखाली नव्या हाडाचे थर किंवा आडवे काटे, हाडाबाहेर मांसात गोळा, कडा कुठे संपते ते कळत नाही. असं चित्र असताना ‘निरुपद्रवी’ रिपोर्ट आला तर समाधान मानायचं नसतं. नमुना पुन्हा घ्यायचा असतो. उलटही घडतं. एन्कॉन्ड्रोमामुळे मोडलेलं हाड भरून येत असताना तिथून नमुना घेतला, तर नव्या हाडाच्या धावपळीतल्या पेशी कॅन्सरसारख्या दिसतात. म्हणून बोटाचं हाड मोडलं असेल तर बरेच सर्जन ते आधी जुळू देतात आणि गाठ नंतर खरवडतात.

रक्ताच्या तपासण्यांवर फार भिस्त ठेवू नये. कूर्चेची निरुपद्रवी गाठ दाखवणारी अशी कुठली रक्ततपासणी नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातलं विकर (एन्झाइम) वाढलेलं दिसलं म्हणून दचकू नये. वाढत्या वयात ते प्रौढांपेक्षा जास्तच असतं. बोन स्कॅनचंही तसंच. वाढणारी ऑस्टिओकॉन्ड्रोमा त्यात उजळून दिसते, म्हणून ती वाईट ठरत नाही.

बायोप्सी करायचीच ठरली, तर ती कोण करतं याला तपासणीइतकंच महत्त्व आहे. सुई ज्या वाटेने जाते त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात. गाठ कॅन्सरची निघाली तर पुढच्या शस्त्रक्रियेत ती वाटही कापून काढावी लागते, म्हणून ती शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच वाट आखलेली बरी. घाईघाईने चुकीच्या जागी मारलेला आडवा छेद पुढे हात किंवा पाय वाचवणं अवघड करतो. बायोप्सी दोन आठवडे उशिरा झाली तर सहसा फारसं बिघडत नाही; चुकीच्या वाटेने झाली तर बिघडतं. माझं मत विचाराल तर संशय असलेल्या गाठीची बायोप्सी हाडांच्या गाठींची सवय असलेल्या केंद्राबाहेर करूच नये.

काही मुलांमध्ये गाठी अनेक असतात, आणि तिथे विचार बदलतो. अनेक ऑस्टिओकॉन्ड्रोमांचा आजार बहुतेकदा घराण्यातून येतो. ईएक्सटी-१ किंवा ईएक्सटी-२ या जनुकातला दोष आई किंवा बाबांकडे असला तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. अशा मुलांचे हात मनगटाजवळ वाकतात, दोन पायांच्या लांबीत फरक पडतो. ऑलिए आजारात एन्कॉन्ड्रोमा पुष्कळ असतात, बहुधा शरीराच्या एका बाजूला जास्त. हा आजार वारशाने येत नाही. गर्भावस्थेत काही पेशींच्या आयडीएच जनुकात बदल होतो आणि त्या पेशींच्या वंशजांतून गाठी तयार होतात. सोबत त्वचेत किंवा मांसात रक्तवाहिन्यांच्या गाठी असतील तर तो माफुची आजार. एक्स-रेवर हाडांच्या बाहेर छोटे गोल पांढरे दाणे दिसले की तो आठवावा. एकट्या ऑस्टिओकॉन्ड्रोमाचा पुढे कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात एकीच्या आसपास किंवा त्याहून कमी. अनेक असतील तर जास्त. ऑलिए आणि माफुचीमध्ये कितीतरी जास्त. हा बदल बहुधा मोठेपणी होतो, म्हणून मुलांच्या डॉक्टरकडची फाइल प्रौढांच्या डॉक्टरकडे जाणं गरजेचं. वाढ थांबल्यानंतर जी गाठ पुन्हा मोठी होऊ लागते किंवा नव्याने दुखते, ती लगेच दाखवायची.

निदानानंतरची वाट गाठीगणिक वेगळी. न दुखणाऱ्या ऑस्टिओकॉन्ड्रोमाला हात लावावा लागत नाही. वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून तपासणी पुरते, आणि जुने एक्स-रे जपून ठेवलेले असले तर तुलना मिनिटात होते. कॉन्ड्रोब्लास्टोमाला मात्र उपचार लागतात: ती खरवडून पोकळी भरतात, किंवा लहान असेल तर सुईने उष्णता देऊन जाळतात, दोन्हीत वाढपट्टी आणि सांध्याचा पृष्ठभाग सांभाळून. दहातल्या एक-दोघांत ती परत येते, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत. फार क्वचित तिच्या पेशी फुप्फुसात जाऊन बसतात. तिथेही त्या पहिल्यासारख्याच निरुपद्रवी दिसतात, वर्षानुवर्षं तशाच राहतात किंवा काढून टाकता येतात. त्यामुळे या मुलांच्या पुढच्या तपासण्यांत सांध्याच्या एक्स-रेबरोबर छातीचाही एक्स-रे काढतात.